आधी छपराचा उतार, मग पडवीची रुंदी : लांज्याजवळच्या एका जुन्या घराचं प्रकरण

आमचं मूळ घर लांजा तालुक्यात आहे. जांभ्या चिऱ्याचं, मंगलोरी कौलांचं, दुपाखी (छपराच्या दोन उतरत्या बाजू, म्हणजे दोन पाखी), पूर्वेला तोंड. पाखाडीनं, म्हणजे पायऱ्यांच्या वाटेनं, खाली उतरत आलं की माणसं दिसायच्या आधी घराचं छप्पर दिसतं, एक पुढचं पाखं आणि उत्तरेकडची त्रिकोणी भिंत. तिथे आत्या राहते, चुलतभाऊ आणि वहिनी राहतात, आणि गणपतीला आम्ही सगळे मिळून वीस-बावीसजण जमतो, तेव्हा ओटीवर पाय ठेवायला जागा नसते. म्हणून ठरलं की एक पडवी काढायची, झाकलेली, तिन्ही बाजूंनी मोकळी, जिथे झोपाळा टांगता येईल, दुपारी आमसुलं निवडत बसता येईल आणि पावसात चटई टाकून झोपता येईल. मी पुण्यात सिव्हिल इंजिनिअर म्हणून काम करते त्यामुळे प्लॅन माझ्याकडे आला. या कामात काय झालं ते सगळं लिहून ठेवतेय कारण गावोगावी जुन्या घरांना पुढे पत्र्याची शेड नाहीतर स्लॅबचा पोर्च चिकटवलेला बघते आणि दर वेळी वाटतं की हे घर मुळात किती देखणं होतं.

सुरुवातीला सगळ्यांच्या डोक्यात एकच होतं, पडवी पुढे काढायची, ओटीच्या समोर, दहा फूट रुंद. दहा का, तर दहा फुटात झोपाळाही बसतो आणि समोर खुर्च्याही राहतात. ज्या कॉन्ट्रॅक्टरला पहिल्यांदा बोलावलं त्यानं अर्ध्या तासात सांगितलं की आरसीसी स्लॅब टाका, चार कॉलम, वर गच्ची मिळेल, आंबे-कोकम वाळवायला उपयोगी. भावाला ते पटलं होतं आणि खरं सांगायचं तर गच्चीचा मुद्दा चुकीचा नाहीये, कोकणात वाळवणाला जागा लागतेच. पण कौलारू घराच्या तोंडावर सपाट स्लॅब आला की छपरावरून येणारं सगळं पाणी त्या स्लॅबवर पडणार, आणि स्लॅब जिथे जुन्या चिऱ्याच्या भिंतीला टेकतो तिथे सांधा राहणार, तो सांधा आज ना उद्या गळणार. दुसरा पर्याय मामेभावानं सुचवला, लोखंडी बॉक्स पाइपची फ्रेम आणि वर रंगीत पत्रा. स्वस्त आणि आठ दिवसात होतं हे मान्य, पण पावसाळ्यात पत्र्याखाली बसून बोलणं ऐकू येत नाही आणि मे महिन्यात दुपारी तिथे थांबवत नाही, मग पडवी नेमकी कशासाठी काढायची.

तेव्हा मी कौलांचीच पडवी करायची असं ठरवून मापं घ्यायला बसले, आणि पहिल्याच संध्याकाळी कळलं की पुढे दहा फुटांची पडवी होऊच शकत नाही.

हे जरा सविस्तर सांगते कारण सगळं प्रकरण यावर फिरतं. आमच्या छपराचा उतार ३० अंश निघाला, म्हणजे आडवं एक फूट पुढे गेलं की छप्पर साधारण ७ इंच खाली येतं. वासे पुढच्या भिंतीवर जिथे टेकतात ती उंची ओटीच्या जमिनीपासून साडेसात फूट. तिथून वासे आणखी २ फूट बाहेर येतात, म्हणून वळचण, म्हणजे छपराची बाहेरची खालची कड, ६ फूट ४ इंचांवर. आता हेच पाखं तसंच सरळ पुढे ओढलं तर भिंतीपासून दहा फुटांवर ते ७० इंच खाली येणार, म्हणजे ओटीच्या जमिनीपासून जेमतेम १ फूट ८ इंच. पडवीची जमीन एक पायरी खाली घेतली तरी माणूस आत शिरणार कुठून. बरं, उतार कमी करून बघू म्हटलं, जुन्या घरांमध्ये पडवीचं छप्पर थोडं उताणं असतंच. पण बाहेरच्या कडेला सहा फूट तरी उंची ठेवायची तर उतार १२ अंशांवर येतो, आणि मंगलोरी कौल १२ अंशांवर घालणं म्हणजे गळतीला आमंत्रण. कौलाच्या खाचा पाणी अडवतात ते पाणी वेगानं खाली पळत असेल तरच, उताणं छप्पर झालं की वारा पाणी उलटं वर ढकलतो आणि ते कौलाच्या मागच्या कडेवरून आत येतं. २५ अंशांच्या खाली मी जाणार नव्हते आणि जिथे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो तिथे ३० असलेले बरे.

पडवीची रुंदी आपण खुर्च्या आणि झोपाळा बघून ठरवतो, पण ती खरं तर छप्पर ठरवतं. वळचणीची उंची आणि उतार हे दोन आकडे हातात आले की पडवी किती रुंद होईल ते कागदावर आपोआप येतं, त्याच्यापेक्षा जास्त हवी असेल तर कुठेतरी घराचा आकार मोडावा लागतो. लोक मोडतात तो इथेच.

तिसरा मार्ग म्हणजे पुढच्या बाजूला काटकोनात एक नवीन छोटं दुपाखी छप्पर काढायचं, देवळाच्या सभामंडपासारखं. उंची भरपूर मिळते आणि दिसतंही छान. पण नवं पाखं आणि जुनं पाखं जिथे मिळतात तिथे दोन आतल्या घळी तयार होतात, दोन्ही पाख्यांचं पाणी त्या घळीत येतं आणि तिथे पत्र्याची पन्हळ घालावी लागते. आमच्या अंगणाच्या कडेला फणस आहे आणि त्याच्या मागे रायवळ आंबा, जून-जुलैत रोज पानं पडतात, पन्हळ तुंबली की पाणी सरळ ओटीवर. वर्षातून चार वेळा शिडी लावून पानं काढायला भावाला वेळ नाही आणि आत्याला तर चढताच येणार नाही. जे घर म्हाताऱ्या माणसांच्या हातात आहे तिथे सांभाळायला अवघड गोष्ट करूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि मग आत्यानं एक गोष्ट सांगितली जी माझ्या प्लॅनमध्ये कुठेच नव्हती. "गो, पुढे काढलंस तर सकाळचं ऊन ओटीवर यायचं नाही. आणि तुळस सावलीत जाईल." खरंच होतं. घर पूर्वेला, सकाळी साडेसात ते दहा ऊन ओटीवरून थेट माजघराच्या उंबऱ्यापर्यंत येतं, तीच त्या घरातली सगळ्यात चांगली वेळ. खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, तुळशीवृंदावन आहे, ते पडवीच्या कडेला आलं असतं. म्हणजे उंचीचं गणित जमलं असतं तरी पुढची पडवी चुकीचीच ठरली असती.

मग बाजू बघितल्या. पश्चिमेला स्वयंपाकघर आणि न्हाणी. दक्षिणेला रिकामा गोठा, शिवाय नैर्ऋत्येचा पाऊस तिकडूनच झोडपतो. राहिली उत्तर. उत्तरेला विहीर, सावली, दिवसभर गारवा, पावसाची झड सगळ्यात कमी. आणि मुख्य म्हणजे तिकडे आहे ती त्रिकोणी भिंत, जिथे उंची मिळते. घराचं आढं दक्षिणोत्तर असल्यामुळे उत्तरेची भिंत मधोमध साडेचौदा फूट उंच आहे आणि दोन्ही टोकांना उतरत साडेसात फूट.

इथेही मी आधी चुकीचंच काढलं होतं. भिंतीला १२ फुटांवर एक आडवी तुळई लावायची आणि तिथून एकच पाखं उत्तरेला उतरवायचं, सोपं. पण भिंत त्रिकोणी आहे, १२ फुटांच्या उंचीवर तिची रुंदी साडेआठ फूटच उरते. भिंतीची पूर्ण २४ फूट लांबी झाकायला गेलं तर नव्या पाख्याची दोन्ही टोकं जुन्या छपराच्या वर तरंगत बाहेर येणार. कागदावर समोरून बघितलं तर लक्षात येत नाही, बाजूनं काढलं की लगेच दिसतं.

उत्तर सुतारकाकांनी दिलं, तेही बोलता बोलता. त्यांनी काडीनं मातीत रेघ मारली आणि म्हणाले, "ताई, घर दुपाखी कशाला ठेवताय, या बाजूनं चौपाखी करा ना. पुढलं पाखं आणि मागलं पाखं तसंच पुढे न्या, मधे हे तिसरं बसवा, वळचण सगळीकडनं एकच फिरेल." मी जे आठवडाभर नवीन पडवी जुन्या घराला जोडायचा विचार करत होते त्याऐवजी हे म्हणत होते की घराचंच छप्पर उत्तरेला वळवा. मुंबई-पुण्यात ज्याला हिप रूफ म्हणतात तेच हे, कोकणात शेकडो घरं अशी आहेत. तिन्ही पाख्यांचा उतार ३० अंश ठेवला की वळचण सगळीकडे एकाच उंचीवर येते आणि कोपऱ्यात पाखी एकमेकांना ४५ अंशात भेटतात, बाहेरच्या बाजूला उंचवटा होतो, घळ कुठेच होत नाही, म्हणजे पानं अडकायला जागाच नाही.

त्या हिशोबानं, १२ फुटांवर सुरू होऊन ६ फूट ४ इंचांच्या वळचणीपर्यंत यायला ६८ इंच उतरायचं, फुटाला ७ इंच, म्हणजे भिंतीपासून वळचण ९ फूट ८ इंचांवर. जुन्या घरासारखीच २ फूट वळचण खांबाबाहेर सोडली की खांबापर्यंत पडवी ७ फूट ८ इंच. दहा फूट मिळाले नाहीत. भाऊ थोडा नाराज झाला, म्हणाला एवढा खटाटोप करून पावणेआठ फूट? १२ च्या ऐवजी तेरा-साडेतेरा फुटांवर सुरू केलं असतं तर दहा फूट जवळपास मिळाले असते, पण वरचा त्रिकोण संपल्यात जमा झाला असता आणि तो आम्हाला हवा होता, कारण त्याच त्रिकोणातून माळ्यावरची गरम हवा बाहेर जाते. शेवटी अडीच फूट उंचीचा त्रिकोण ठेवला, त्यात लाकडी पट्ट्या तिरप्या बसवल्या आणि मागे बारीक जाळी, नाहीतर कांडेचोर, म्हणजे उदमांजरं, माळ्यावर मुक्कामाला येतात. पडवी २४ फूट लांब असल्यामुळे पावणेआठ रुंदी अडचणीची वाटत नाही. झोपाळा पश्चिमेच्या टोकाला असा टांगलाय की झोका पडवीच्या लांबीत जातो, रुंदीत नाही, त्यामुळे भिंतीला किंवा खांबाला पाय लागत नाहीत.

काम सुरू करायच्या आधी आम्ही एक गोष्ट केली ती कुणीही करावी अशी आहे. बांबू रोवले, खांब जिथे येणार तिथे, आणि वळचणीच्या उंचीवर सुतळी बांधली, कोपऱ्यातले तिरके वासे म्हणून लांब बांबू लावले. दोन दिवस तसंच ठेवलं. पाखाडीवरून उतरताना बघितलं, विहिरीकडून बघितलं, आत खुर्ची टाकून बसून बघितलं. सुतळी जुन्या वळचणीच्या रेषेत तंतोतंत आली तेव्हा मला खात्री पटली की आपण बरोबर चाललोय, कारण डोळा सगळ्यात आधी तीच रेषा पकडतो. रंग, लाकूड, फरशी हे सगळं नंतर. वळचण चार इंच जरी वर-खाली झाली तरी ती जोड आहे हे लांबून कळतं.

परवानगीचं थोडक्यात सांगते. घर आजोबांच्या नावावरून सगळ्यांच्या नावावर आलेलं, सामाईक. नमुना ८ च्या (ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या) उताऱ्यावर ज्यांची नावं त्या सगळ्यांची लेखी संमती घेतली आणि ग्रामपंचायतीत अर्ज दिला. यात दोन महिने गेले, कारण एक काका बडोद्याला असतात. ही पायरी गाळू नका, नंतर घरातलीच माणसं दुखावतात.

जोतं आम्ही एप्रिल-मेमध्ये बांधून घेतलं आणि छपराला हात लावला नाही. एक अख्खा पावसाळा ते जोतं तसंच उघडं ठेवलं. शहरात हे सांगितलं की लोक हसतात पण भरावाची माती कितीही चोपली तरी पहिल्या पावसात बसतेच, आणि आमची एका कोपऱ्यात दीड-पावणेदोन इंच बसली. लगेच वर कोबा केला असता तर तडकला असता. दुसरं म्हणजे नवं जोतं जुन्याला बांधून घेतलं नाही, मध्ये सरळ सांधा सोडला. जुनं घर शंभरेक वर्षं त्या जमिनीवर बसलेलं आहे, ते आता हलणार नाही, नवं हलणार, दोघांना एकत्र जखडलं तर भेग जुन्या भिंतीत जाते. सांध्यावर चिऱ्याची एक सुटी पट्टी बसवली.

चिऱ्याबद्दल एक. आता मशीननं कापलेला चिरा येतो, कडा धारदार, अंगावर पात्याच्या रेघा. जुना चिरा हातानं घडवलेला, त्यावर टाकीचे (गवंड्याच्या छिन्नीचे) तिरपे घाव असतात. शेजारी शेजारी ठेवले तर दोन वेगळे दगड वाटतात. गवंड्याला सांगून बाहेरून दिसणाऱ्या प्रत्येक चिऱ्याचं तोंड टाकीनं टिपून घेतलं, मजुरी वाढली, पण दोन पावसाळ्यांनंतर आज कुणाला विचारलं की जुनं जोतं कुठे संपतं तर सांधा शोधावा लागतो. प्लास्टर केलं नाही आणि रंग तर नाहीच. जांभा खाणीतून काढला की मऊ असतो आणि वाऱ्या-उन्हात हळूहळू कडक होतो, त्याला मोकळं राहू द्यावं.

जमीन ओटीपेक्षा एक पायरी, ८ इंच, खाली. पडवी ओटीपेक्षा खाली असते हा आपल्याकडचा जुना रिवाज आहे आणि त्याला कारण आहे, पावसाचं पाणी आत आलं तरी उंबरा चढत नाही. ओटीवर लाल कोबा आहे, घोटून आरशासारखा केलेला. पडवीला तोच रंग घेतला पण घोटला नाही, कारण ओले पाय तिथेच येणार. ४ फुटांचे चौकोन पाडून मध्ये काचपट्टी दिली आणि बाहेरच्या बाजूला हलका उतार.

लाकूड. ओटीचे खांब फणसाचे आहेत, सहा इंची चौकोनी, कडा मारलेल्या, सहा-सहा फुटांवर. नव्या पडवीला पाच खांब, तेच अंतर, तोच आकार. शेजारच्या गावात एक जुनं घर उतरवलं जात होतं, तिथून खांब आणि तुळया घेतल्या, आणखी काही वासे ऐन आणि किंजळीचे नवीन. जुनं लाकूड पूर्ण वाळलेलं असतं, वाकत-पिळत नाही, आणि त्याच्यावर जो काळसर रंग चढलेला असतो तो पॉलिशनं आणता येत नाही. खांब जमिनीत गाडले नाहीत, प्रत्येकाखाली दगडी तळखडा, म्हणजे वाळवी आणि ओल दोन्ही दूर. पण तळखड्यावर खांब नुसता उभा ठेवणं मला मान्य नव्हतं. जुन्या लोकांचा भरवसा छपराच्या वजनावर असायचा, आणि वजन असतंही, आमच्या पडवीच्या कौलांचंच एक टनाच्या वर आहे, भिजल्यावर आणखी. तरी मोकळ्या पडवीत वारा खालून शिरतो आणि छप्पर वर उचलतो, बंद खोलीपेक्षा हा धोका जास्त. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळ श्रीवर्धनकडे आलं आणि २०२१ च्या मेमध्ये तौक्ते किनाऱ्याकिनाऱ्यानं वर गेलं, तेव्हा कोकणात किती छपरं उडाली ते आपण बघितलंय. म्हणून प्रत्येक तळखड्यातून स्टीलची सळई खांबात घेतली, वर खांब-तुळई आणि तुळई-वासा यांना आतून पट्ट्या मारल्या, आणि वळचणीच्या पहिल्या दोन ओळींची कौलं तांब्याच्या तारेनं रिपांना, म्हणजे कौलं टेकतात त्या आडव्या पट्ट्यांना, बांधली. बाहेरून यातलं काही दिसत नाही. कौलं बांधायचा फायदा माकडांच्या बाबतीतही झाला, फणसावरून उडी पडवीवरच येते.

आता कौलांकडे येते, माझ्या मते या कामातली सगळ्यात चांगली गोष्ट इथे घडली. जुनी कौलं काळपट-तपकिरी, शेवाळ धरलेली. नवी कौलं नारिंगी. शेजारी लावली की पडवी ठिगळासारखी दिसणार, आणि ती जुनी व्हायला दहा-पंधरा वर्षं जाणार. नुसत्या रंगाचा प्रश्न असता तरी एक वेळ थांबलो असतो, पण खाचाही जुळत नव्हत्या. मंगलोरी कौल म्हणजे एकच माप असं आपल्याला वाटतं. १८६५ साली बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेनं मंगळूरला पहिला कारखाना काढला आणि नंतर त्या किनाऱ्यावर कितीतरी कारखाने उभे राहिले, प्रत्येकाचा साचा थोडा वेगळा, म्हणून कौल उलटं केलं की कारखान्याचा छाप असतो. आमच्या कौलांवरचा छाप आता बाजारात मिळत नाही. नवं कौल जुन्याच्या खाचेत नीट बसत नाही, पाव इंच फट राहते, आणि कोकणात पाव इंच म्हणजे बादली भरते. आमचं तर पुढचं पाखं सलग उत्तरेला जाणार होतं, एकाच ओळीत जुनं आणि नवं येणार.

उपाय असा केला. मागचं, पश्चिमेचं पाखं पूर्ण उतरवलं. ते ३६ फूट लांब, चौरस मीटरला साधारण १५ कौलं धरली तर तिथे आठशेच्या वर कौलं निघाली. पडवीला लागणार होती साडेचारशे, मोडतोड आणि कोपऱ्यातली कापाकापी धरून सव्वापाचशे. आठशेतून वाजवून बघून, चिरलेली बाजूला काढून, चांगली निवडली आणि ती पडवीवर घातली. मागच्या पाख्यावर सगळी नवी कौलं, एकाच कारखान्याची. ते पाखं बागेकडे आहे, कुणाला दिसत नाही, आणि पश्चिमेचा पाऊस सगळ्यात जास्त तिथेच लागतो, तर नवी कौलं तिथेच हवी होती. जुनी आणि नवी भेटतात ती फक्त आढ्यावर आणि मागच्या कोपऱ्यातल्या तिरक्या वाशावर, जिथे दोन्हीच्या मध्ये कोनाची कौलं येतात, म्हणजे एकमेकांच्या खाचेत त्यांना बसावंच लागत नाही. त्यासाठी मागचं नवं पाखं त्या तिरक्या वाशापर्यंत नेलं. हे सुचलं त्या रात्री मला झोप लागली नाही इतका आनंद झाला होता.

रिपांचं अंतर जुन्या कौलांवरून घेतलं. पुस्तकातला आकडा धरून रिपा मारू नका, पाच-सहा कौलं प्रत्यक्ष रचून बघा, अर्ध्या इंचाचा फरक चौदा ओळींत सात इंच होतो आणि शेवटची ओळ वळचणीला बसतच नाही.

उजेडाचा एक प्रश्न होता. माजघराची एकमेव खिडकी उत्तरेला, ती आता पडवीत आली. माजघर आधीच अंधारं. तिच्या बरोबर वर सहा काचेची कौलं घातली, खिडकी मोठी करून तिथे दार केलं, वर झडपेची खिडकी ठेवली. दिवसा दिवा लागत नाही. आठ घातली असती तरी चाललं असतं, पण उन्हाळ्यात काचेखाली ताप होतो म्हणून सहावर थांबले.

चूक झाली ती भिंतीच्या सांध्यावर. पडवीचं पाखं १२ फुटांवर जिथे चिऱ्याच्या भिंतीला टेकतं तिथे साडेआठ फुटांचा सांधा आहे. मी तिथे सिमेंटची गोलाई करून घेतली, गवंडी म्हणाला तसंच करतात, आणि मीही मान डोलावली, कारण वर जुन्या छपराची एक फूट वळचण आहे, पाणी तिथपर्यंत येईलच कुठून असं वाटलं. लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आक्रसतं, सिमेंट हलत नाही. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात केसाएवढी भेग पडली आणि माजघराच्या भिंतीवर ओल उतरली. आत्यानं मला फोनवर सांगितलं नाही, मी काळजी करीन म्हणून, गणपतीला गेले तेव्हा बघितलं. दिवाळीनंतर सिमेंट काढून टाकलं, चिऱ्यात एक इंच खोल खाच मारली, ॲल्युमिनियमचा पत्रा वाकवून त्याची वरची कड खाचेत घातली आणि खालचा भाग कौलांवर सुटा सोडला, चिकटवला नाही, म्हणजे छप्पर हललं तरी पत्रा सरकतो. गेल्या पावसात थेंब नाही. हे सुरुवातीलाच करायला हवं होतं, मला माहीत होतं, मी केलं नाही.

पाण्याचंही सांगते, कारण नवं छप्पर म्हणजे नवं पाणी. जमिनीवर मोजलं तर पडवीचं छप्पर २५ चौरस मीटर झाकतं, ३००० मिलिमीटर पावसात ते वर्षाला पंचाहत्तर हजार लिटर होतं, आणि हे सगळं आता विहिरीच्या बाजूला पडतं. वळचणीला पन्हळ लावली नाही, पागोळ्या पडू दिल्या, कारण पडवीत बसून पागोळ्या बघायच्या हाच तर अर्धा आनंद, पण त्या जिथे पडतात तिथे चिऱ्याचा उथळ पाट केला, तो विहिरीपासून वीस फुटांवरच्या शोषखड्ड्यात जातो. पाट नसता तर पाणी उडून जोत्याचा चिरा हिरवा पडला असता.

खांबांमध्ये दीड फूट उंचीचा चिऱ्याचा कट्टा, वर लाकडी फळी, ओटीच्या कट्ट्याच्याच मापाचा. मध्ये एक गाळा पायऱ्यांसाठी मोकळा. खर्चाचा आकडा देत नाही, कारण निम्मं लाकूड जुनं मिळालं, सुतारकाका घरचे, तो आकडा दुसऱ्या कुणाला लागू पडणार नाही. एवढं सांगते की पत्र्याच्या शेडपेक्षा बराच जास्त गेला आणि स्लॅबच्या कोटेशनपेक्षा थोडा कमी.

आता वायव्येच्या कोपऱ्यात, झोपाळ्याच्या बाजूला, जुलैमध्ये दोन-तीन दिवस झड येते, वारा फिरला की. भाऊ तिथे प्लॅस्टिकचा पडदा लावायचा म्हणत होता. आत्यानं मेच्या शेवटी नारळाची चुडतं (झावळ्या) भिजत घालून झापं विणली, दोन खांबांच्या मध्ये सहा फुटांचं एक आणि पश्चिमेच्या उघड्या टोकाला एक, नवरात्र सरलं की काढून ठेवायची. या वर्षी वहिनी तिच्याकडून विणायला शिकली.